अंगावर रोज पित्त उठतं, तरी ॲलर्जीची टेस्ट नॉर्मल कशी येते?

महिनोनमहिने अंगावर पित्ताच्या गांधी उठतायत आणि घरातले सगळे मिळून 'काल नक्की काय खाल्लं होतंस' याचा तपास करतायत, असं ज्यांच्या घरी चाललंय त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितेय. आधी वांगं बंद होतं, मग अंडं, मग शेंगदाणे, मग दही आणि सगळं आंबट, आणि आमच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आगरी-कोळी घरांमध्ये मासळी बंद झाली म्हणजे त्या माणसाचं जेवणच बंद झाल्यासारखं असतं, तरी संध्याकाळ झाली की पाठीवर, मांड्यांवर, कमरेच्या नाडीखाली लाल चट्टे यायचे ते येतातच. मग कोणीतरी मोठी ॲलर्जी टेस्ट करून घे म्हणून सुचवतं, त्यात भरपूर पैसे जातात आणि रिपोर्ट एकतर पूर्ण नॉर्मल येतो नाहीतर पाच-पन्नास पदार्थांपुढे लाल खुणा येतात, आणि दोन्हीत त्या माणसाचं डोकं आणखी फिरतं.

मी ठाण्यात अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते, डॉक्टर नाहीये, पण माझ्या वहिनीला हा त्रास बरीच वर्षं होता त्यामुळे वाचलंही खूप आणि स्किनच्या डॉक्टरांना प्रश्नही खूप विचारले. त्यातून मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट आधीच सांगून टाकते. सहा आठवड्यांच्या वर चालणारं जे पित्त असतं, ज्याला डॉक्टर क्रॉनिक अर्टिकेरिया म्हणतात, त्यात बहुतेक वेळा बाहेरचा कुठलाच पदार्थ कारण नसतो, आपल्याच त्वचेतल्या काही पेशी आतल्या कारणांनी भडकत असतात. शेंगदाण्याची किंवा कोळंबीची खरी ॲलर्जी असते तिथेही याच पेशी काम करतात, पण त्यांना भडकवणारं वेगळं असतं. हा फरक कळला की टेस्ट नॉर्मल का येते, पथ्य पाळूनही काही का होत नाही आणि गोळी रोज का घ्यायची हे सगळं एका ओळीत लागतं.

तर मुख्य पेशी आहे मास्ट सेल. १८७८ साली पॉल एर्लिख नावाचा २४ वर्षांचा जर्मन विद्यार्थी डॉक्टरीच्या प्रबंधासाठी कापड रंगवायचे नवे ॲनिलिन रंग शरीरातल्या पेशींवर टाकून बघत होता, तेव्हा त्याला काही पेशी अशा दिसल्या की ज्यांच्या पोटात खच्चून दाणे भरलेले होते आणि ते दाणे रंग वेगळ्याच छटेने पकडत होते. सोललेलं डाळिंब डोळ्यासमोर आणा, साधारण तशीच दिसते ही पेशी. (याच एर्लिख यांना पुढे १९०८ मध्ये इम्युनिटीवरच्या कामासाठी नोबेल मिळालं.) त्या दाण्यांमध्ये नेमकं काय आहे हे मात्र कळायला खूप वर्षं गेली. हिस्टामीन हे रसायन आणि त्याचे परिणाम हेन्री डेल आणि लेडलॉ यांनी १९१० च्या सुमारास दाखवले होते, पण शरीरातलं हिस्टामीन मुख्यतः मास्ट सेलमध्ये साठवलेलं असतं हे १९५३ मध्ये रायली आणि वेस्ट यांनी सिद्ध केलं.

या पेशी जन्मतात बोन मॅरोमध्ये, पण रक्तात फिरत बसत नाहीत, त्वचेत, श्वासनलिकेत, आतड्यात म्हणजे जिथे जिथे शरीराचा बाहेरच्या जगाशी संबंध येतो तिथे जाऊन मुक्काम ठोकतात आणि तिथेच मोठ्या होतात. त्वचेत त्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसांना अगदी लागून बसलेल्या असतात, ही जागा लक्षात ठेवा कारण पित्ताची सगळी लक्षणं या जागेमुळेच आहेत. आणि या पेशी काही आपल्या वाईटावर नाहीत, जंतांशी लढायला, काही विषारी दंशांमधलं विष निकामी करायला, जखम भरून यायला त्यांचा उपयोग होतो. त्यांच्याकडे माल तयार असतो, बाकीच्या पेशींसारखं आधी बनवा मग पाठवा असं नाही, त्यामुळे इशारा मिळाल्यावर काही मिनिटांत सगळे दाणे बाहेर पडतात.

बाहेर पडल्यावर काय होतं ते आता बघू. हिस्टामीन शेजारच्या रक्तवाहिनीच्या भिंतीवर एच-वन नावाचे रिसेप्टर (रसायनं चिकटायच्या ठरलेल्या जागा) असतात त्यांना चिकटतं, त्याने रक्तवाहिनी रुंदावते म्हणून तिथे लाली येते, भिंतीतल्या पेशींमध्ये बारीक फटी पडतात आणि रक्तातलं पाणी त्वचेत झिरपतं म्हणून गांध फुगते, आणि शेजारच्या नसेवरही तेच रिसेप्टर असल्यामुळे खाज सुटते, आणि ती नस स्वतःही आजूबाजूला आणखी रसायनं सोडते म्हणून गांधीभोवती लालसर वर्तुळ पसरतं. हेच सगळं त्वचेच्या खोल थरात झालं तर ओठ, पापण्या, कधी तळवे सुजतात, त्याला अँजिओएडेमा म्हणतात, ती सूज उतरायला दोन-तीन दिवसही लागू शकतात. वरवरची गांध मात्र २४ तासांच्या आत मागमूस न ठेवता जाते, कारण झिरपलेलं पाणी शोषलं जातं. रात्री अंगभर चट्टे आणि सकाळी दवाखान्यात दाखवायला काहीच नाही, यात पेशंट खोटं बोलत नसतो, आजारच तसा आहे.

इथे एक साधी गोष्ट सांगते जी खूप उपयोगाची आहे. नवीन गांध उठली की तिच्या कडेने बॉलपेनने गोल काढा, बाजूला वेळ लिहा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बघा. वर्तुळ रिकामं असेल आणि भलतीकडेच नवीन गांध आली असेल तर ते साधं पित्त. पण तीच गांध तिथेच २४ तासांच्या वर बसून असेल, खाजेपेक्षा दुखत किंवा जळजळत असेल, आणि जाताना मुका मार लागल्यासारखा काळानिळा डाग ठेवून जात असेल, तर ते पित्तासारखं दिसणारं दुसरं काहीतरी, म्हणजे रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा प्रकार असू शकतो, आणि तेव्हा डॉक्टर त्वचेचा छोटा तुकडा काढून बायोप्सी करायला सांगतात. वहिनीच्या दंडावर अशी निळ्या पेनची वर्तुळं आठवडाभर होती, सगळी सकाळी रिकामी.

आता खरी ॲलर्जी कशी होते ते बघू म्हणजे फरक कळेल. १९२१ मध्ये कार्ल प्राउसनित्झ आणि हाइन्झ क्युस्टनर या दोन डॉक्टरांनी एक प्रयोग केला, क्युस्टनरना माशाची ॲलर्जी होती आणि प्राउसनित्झना नव्हती. प्राउसनित्झनी क्युस्टनरच्या रक्तातलं सीरम (पेशी काढल्यावर उरणारं पाणी) घेऊन स्वतःच्या त्वचेत टोचलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तर तिथे टरटरून गांध आली. म्हणजे ॲलर्जी रक्तातून दुसऱ्या माणसाच्या त्वचेत नेता येते, रक्तात 'काहीतरी' आहे. ते काहीतरी शोधायला आणखी ४५ वर्षं लागली, १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या नवराबायकोने आणि स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिक यांनी वेगवेगळं काम करून ती अँटिबॉडी (ठरावीक वस्तू ओळखून तिला चिकटणारं प्रोटीन) पकडली आणि १९६८ मध्ये तिचं नाव आयजीई असं ठरलं. उशीर का झाला तर ती रक्तात इतकी कमी असते, नेहमीच्या आयजीजी नावाच्या अँटिबॉडीपेक्षा हजारो पटींनी कमी, की सापडणंच कठीण होतं.

आयजीई बनवतात बी सेल नावाच्या पांढऱ्या पेशी, आणि त्यांना तसं करायला सांगतात दुसऱ्या पांढऱ्या पेशी, मदतनीस टी सेल, त्यातही टाइप टू म्हणतात त्या, ज्या आयएल-४ आणि आयएल-१३ नावाचे निरोप सोडतात. समजा कोणाला कोळंबीची ॲलर्जी झाली. पहिल्यांदा कधीतरी कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रोटीन या पेशींच्या नजरेत धोकादायक ठरतं, त्याच्याविरुद्ध आयजीई तयार होते, तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही. ही आयजीई जाऊन मास्ट सेलवरच्या रिसेप्टरवर बसते आणि बसून राहते, रक्तात मोकळी असेल तर दोनेक दिवसांत निम्मी होते पण पेशीवर बसली की आठवडेच्या आठवडे टिकते. पुढच्या वेळी कोळंबी खाल्ली की ते प्रोटीन शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकत्र जोडतं, रिसेप्टर जवळ ओढले जातात आणि दाणे बाहेर. हे काही मिनिटांत किंवा फार तर तास-दोन तासांत होतं आणि दर वेळी होतं. मला हाच मुद्दा सगळ्यांना ओरडून सांगावासा वाटतो, खऱ्या ॲलर्जीत खाल्लं की होतं आणि नाही खाल्लं की नाही होत, पेशंटला स्वतःलाच कळतं, चार महिने शोधत बसावं लागत नाही.

ट्रोपोमायोसिनची आणखी एक गंमत आहे, तसंच प्रोटीन खेकड्यात, झुरळात आणि घरातल्या धुळीतल्या माइट नावाच्या बारीक किड्यांमध्येही असतं, त्यामुळे माइट्सची ॲलर्जी असलेल्या काही लोकांना कोळंबीचाही त्रास होतो. आणि माइट्सना दमट हवा लागते, जी ठाणे आणि नवी मुंबईत वर्षातला बराच काळ असते, खाडी दोन्हीकडून जवळ, पावसाळ्यात गाद्या-उशा सुकत नाहीत. सकाळी उठल्या उठल्या शिंका, नाक गळणं, दम्याची शिटी याला माइट्स कारण असतात खूपदा, त्यासाठी गाद्या उन्हात टाकणं, चादरी-अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुणं हे करावंच. पण रोजच्या गांधींचं कारण माइट्समध्ये शोधू नका, तिथे ते क्वचितच सापडतं.

मग रोजच्या गांधींमध्ये मास्ट सेलना भडकवतं कोण? यावर १९९३ मध्ये लंडनच्या ग्रीव्ह्ज यांच्या गटाने मोठं काम केलं, हिडे नावाचे जपानी डॉक्टर त्यात पुढे होते. त्यांनी दाखवलं की क्रॉनिक अर्टिकेरियाच्या काही पेशंटांच्या रक्तात आयजीईच्या रिसेप्टरविरुद्धच अँटिबॉडी असतात. म्हणजे बाहेरून कोळंबी नको, परागकण नको, पेशंटचीच आयजीजी अँटिबॉडी जाऊन मास्ट सेलवरचे रिसेप्टर पकडते, जोडते आणि दाणे बाहेर पडतात. दुसरा प्रकार नंतर समजला, त्यात आयजीईच असते पण ती कोळंबीविरुद्ध नसून स्वतःच्याच शरीरातल्या प्रोटीनविरुद्ध असते, उदाहरणार्थ थायरॉइडमधल्या थायरोपेरॉक्सिडेजविरुद्ध किंवा पेशींमधले निरोप नेणाऱ्या आयएल-२४ विरुद्ध, आणि हे प्रोटीन तर शरीरात कायमच आहे. काही पेशंटांमध्ये दोन्ही प्रकार असतात, काहींमध्ये अजून दोन्ही सापडत नाहीत.

आता विचार करा, अशा माणसाची आपण वांगं, अंडं, दूध, गहू यांच्याविरुद्धची टेस्ट केली तर ती नॉर्मल येणार नाहीतर काय, भडकवणारी वस्तू त्या यादीतच नाही. आणि पन्नास पदार्थांपुढे लाल खुणा येणारे जे रिपोर्ट असतात ते पुष्कळदा आयजीजी टेस्टचे असतात. एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीजी असणं म्हणजे तो पदार्थ आपण खातो एवढंच, युरोपातल्या ॲलर्जी तज्ज्ञांच्या संस्थेने २००८ मध्येच ही टेस्ट निदानासाठी वापरू नका असं स्पष्ट सांगितलंय. तो कागद बघून लोक दूध, गहू, डाळी सगळं सोडतात, पोरांचं वजन घटतं, बायकांचं हिमोग्लोबिन खाली येतं, आणि गांधी तशाच. मला याचा फार राग येतो.

थायरॉइडचा उल्लेख झालाच आहे तर तेही सांगते, क्रॉनिक अर्टिकेरिया बायकांमध्ये पुरुषांपेक्षा साधारण दुप्पट दिसतो आणि अशा पेशंटांमध्ये थायरॉइडचे ऑटोइम्यून (शरीराने स्वतःवरच हल्ला करण्याचे) आजार इतरांपेक्षा जास्त सापडतात. म्हणून डॉक्टर थायरॉइडच्या अँटिबॉडी तपासायला सांगतात तेव्हा 'मला पित्ताचा त्रास आणि हे थायरॉइड का बघतायत' असं वाटून टेस्ट टाळू नका. तशा सुरुवातीच्या तपासण्या अगदी थोड्या असतात, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर किंवा सीआरपी (शरीरात दाह आहे का ते बघायला), आणि तज्ज्ञाकडे गेलात तर एकूण आयजीई आणि अँटी-टीपीओ (थायरोपेरॉक्सिडेजविरुद्धची अँटिबॉडी). बाकी तुमच्या लक्षणांवरून लागलं तर.

मास्ट सेल एकटी नसते. गांधीतला तुकडा मायक्रोस्कोपखाली बघितला तर रक्तवाहिनीभोवती टी सेल, इओसिनोफिल, बेसोफिल, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची गर्दी दिसते. मास्ट सेल फुटताना फक्त हिस्टामीन टाकत नाही, प्रोस्टाग्लँडिन, ल्युकोट्राइन ही सूज वाढवणारी रसायनं आणि बाकीच्या पेशींना बोलवणारे निरोपही टाकते. बेसोफिल ही मास्ट सेलची रक्तातली चुलत बहीण समजा, तिच्याकडेही हिस्टामीनचे दाणे आणि आयजीईचे रिसेप्टर असतात, पांढऱ्या पेशींमध्ये ती एक टक्काही नसते. आजार जोरात असताना काही पेशंटांच्या रक्तात बेसोफिल आणखी कमी होतात, त्या त्वचेकडे निघून गेलेल्या असतात, आणि आजार शांत झाला की रक्तात परत दिसायला लागतात. इओसिनोफिल तर रक्त गोठवणाऱ्या यंत्रणेलाही थोडं जागं करतात, त्यामुळे जोरदार आजारात डी-डायमर (गोठलेलं रक्त विरघळताना उरणारे तुकडे) वाढलेला दिसतो. ही सगळी गर्दी असते म्हणूनच फक्त हिस्टामीन अडवणारी गोळी काही जणांना पुरत नाही, त्यात पेशंटची काही चूक नसते.

आणखी एक दार आहे मास्ट सेलवर, त्याचं नाव जरा अवघड आहे, एमआरजीपीआरएक्स-टू. आयजीईचा काहीही संबंध न येता या दारातून पेशी फुटू शकते. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी काही अँटिबायोटिक्स, व्हँकोमायसिन, मॉर्फिनच्या जातीतली काही औषधं, भूल देताना वापरतात ती स्नायू सैल करणारी औषधं या दारावर काम करतात, २०१५ आणि त्यानंतरच्या प्रयोगांतून हे पक्कं झालं. नसांमधून निघणारं सबस्टन्स-पी पण इथेच बसतं, टेन्शन वाढलं की पित्त वाढतं असं पेशंट सांगतात त्यामागे नसा आणि मास्ट सेलची ही शेजारगिरी असावी असं मानलं जातं.

पेनकिलरचं प्रकरण वेगळं आहे आणि रोजच्या जगण्यात जास्त महत्त्वाचं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन या गोळ्यांनी क्रॉनिक अर्टिकेरियाच्या बऱ्याच पेशंटांचा त्रास एकदम वाढतो. ही सहसा आयजीईची ॲलर्जी नसते, या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनवणारा रस्ता बंद करतात आणि मग ल्युकोट्राइनच्या रस्त्याने जास्त माल जातो, आणि आधीच काठावर असलेल्या मास्ट सेलना तेवढं पुरतं. पावसाळ्यात ताप-अंगदुखी आली की आपण कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून कॉम्बिनेशन गोळी आणतो, त्यात बऱ्याचदा यातलंच काहीतरी असतं, रात्री गांधी येतात आणि नाव येतं संध्याकाळी खाल्लेल्या वडापाववर. तापाला सहसा पॅरासिटामॉल चालतं, तरी एकदा डॉक्टरांना विचारून ठेवा आणि मेडिकलवाल्याला 'मला पित्ताचा जुना त्रास आहे' हे दर वेळी सांगा.

काही लोकांत भडकवणारं कारण शरीरावरचा दाब, घासणं, उष्णता किंवा थंडी असतं. हातावर पेनच्या बोथट टोकाने रेघ ओढली आणि पाच-दहा मिनिटांत ती रेघ दोरीसारखी वर आली तर त्याला डर्मोग्राफिझम म्हणतात, हा यातला सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. दाबाने येणारा प्रकार फसवा असतो कारण तो लगेच येत नाही, चार-सहा तासांनी येतो. ठाण्याहून वाशी-पनवेल लोकलने रोज जाणारा माणूस सकाळी जड सॅक खांद्यावर घेऊन उभा राहतो, दुपारी डबा खातो, आणि संध्याकाळी खांद्यावर पट्ट्याच्याच रुंदीची दुखरी सूज येते, तो डब्यातल्या भाजीला दोष देतो. एपीएमसी मार्केटमध्ये पाठीवर-खांद्यावर पोती वाहणाऱ्या माथाडी कामगाराला हा आजार झाला तर त्याच्या रोजीरोटीवरच येतं, तळपायाला आला तर उभं राहणं मुश्कील. आणि येऊरची चढण चढताना किंवा मे महिन्यात घाम फुटला की टाचणीच्या टोकाएवढे ठिपके-ठिपके येऊन भयंकर खाज सुटत असेल, विशेषतः कॉलेजच्या मुलांना, तर तो घाम-उष्णतेचा प्रकार. थंड पाण्याने गांधी येत असतील तर पोहायला एकट्याने उतरू नका, सगळं अंग एकदम थंड झालं तर बीपी पडू शकतं.

गोळीबद्दल आता नीट सांगते कारण इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडीन, बिलास्टीन या सगळ्या अँटिहिस्टामीन गोळ्या मास्ट सेलला हात लावत नाहीत, दाणे फुटायचे ते फुटतातच. या गोळ्या जाऊन एच-वन रिसेप्टरवर बसतात आणि तो बंद अवस्थेत धरून ठेवतात. गांध उठल्यावर गोळी घेतली तर हिस्टामीन आधीच रिसेप्टरला चिकटलेलं असतं, पाणी झिरपलेलं असतं, गोळीचा उपयोग उशिरा आणि अर्धवट होतो. म्हणून गोळी रोज, ठरलेल्या वेळी, गांधी नसल्या तरी घ्यायची असते. 'सवय लागेल' या भीतीने लोक एक दिवसाआड घेतात, त्रास झाला की घेतात, आणि मग गोळी लागूच पडत नाही म्हणतात. या नव्या पिढीच्या गोळ्यांची सवय लागत नाही. एक गोळी पुरली नाही तर जगभरातल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे डॉक्टर तीच गोळी चौपटीपर्यंत वाढवू शकतात, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचं, किडनी, लिव्हर, वय, बाकीची औषधं बघून. जुन्या पिढीच्या गोळ्या, फेनिरामीन वगैरे, मेंदूत शिरतात म्हणून झोप आणतात, गाडी चालवणाऱ्याने किंवा मशीनवर काम करणाऱ्याने त्या घेऊन कामावर जाऊ नये.

स्टिरॉइडबद्दल मला खरंच कळकळीने सांगायचंय. एक इंजेक्शन किंवा चार दिवस गोळ्या घेतल्या की अंग एकदम साफ होतं, माणूस खूश होतो, थांबवलं की परत येतं, मग परत तेच. जोराचा झटका आला तर थोडे दिवस डॉक्टर देतात आणि ते योग्यही असतं, पण महिनोनमहिने चालू ठेवलं तर शुगर, बीपी, हाडं, डोळे, वजन सगळ्यावर परिणाम होतो, आणि या आजारासाठी ते लांबवर घेऊ नये यावर तज्ज्ञांचं एकमत आहे. स्वतःहून मेडिकलमधून तर अजिबात घेऊ नका, आणि आधीपासून खूप दिवस चालू असेल तर अचानक बंदही करू नका.

गोळ्या चौपट करूनही भागलं नाही तर ओमालिझुमॅब नावाचं इंजेक्शन आहे, अमेरिकेत २०१४ पासून या आजारासाठी १२ वर्षांवरच्यांना मान्यता आहे, साधारणपणे ३०० मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी. ते रक्तातली मोकळी आयजीई पकडतं, त्यामुळे पेशीवर बसायला आयजीई उरत नाही, आणि आयजीई नाही म्हटल्यावर पेशीवरचे रिसेप्टरही हळूहळू कमी होतात. स्वतःविरुद्ध आयजीई असलेल्यांना ते पुष्कळदा आठवड्याभरात आराम देतं, स्वतःविरुद्ध आयजीजी असलेल्यांना वेळ लागतो किंवा कमी लागू पडतं, आणि एकूण आयजीई खूपच कमी असेल तर डॉक्टरांना तो अंदाज आधी येतो, ती टेस्ट त्यासाठीच. महाग आहे, हे खरंय, इन्शुरन्सला आधी विचारून घ्या. सायक्लोस्पोरिन टी सेलना शांत करतं, स्वस्तात पडतं पण बीपी आणि किडनीवर लक्ष ठेवावं लागतं. आणि २०२५ मध्ये अमेरिकेत दोन नवीन औषधांना या आजारासाठी मान्यता मिळाली, आयएल-४ आणि आयएल-१३ चे निरोप अडवणारं डुपिलुमॅब, आणि रेमिब्रुटिनिब नावाची गोळी, जी मास्ट सेलच्या आतला बीटीके नावाचा दुवाच अडवते म्हणजे रिसेप्टर ओढला गेला तरी दाण्यांपर्यंत इशारा पोचत नाही.

आमसुलाचं पाणी लावायला हरकत नाही, गार वाटतं आणि खाज थोडा वेळ दबते (थंडीने पित्त उठणाऱ्यांनी सोडून). आजार त्याने थांबत नाही. ॲसिडिटीची गोळी या गांधींसाठी घेण्यात अर्थ नाही, पोटातलं ॲसिड इथे काही करत नसतं.

धोका कधी आहे ते मात्र पाठ करून ठेवा. क्रॉनिक अर्टिकेरिया त्रास खूप देतो पण जिवावर सहसा बेतत नाही. गांधींबरोबर श्वास लागला, आवाज बसला, घसा आवळल्यासारखा झाला, सारख्या उलट्या झाल्या, चक्कर येऊन डोळ्यासमोर अंधारी आली, विशेषतः काही खाल्ल्यावर, औषध घेतल्यावर किंवा मधमाशी चावल्यावर, तर ती ॲनाफिलॅक्सिस आहे. तिथे अँटिहिस्टामीन गोळीची वाट बघायची नाही, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन हाच उपचार, माणसाला आडवं झोपवा, श्वास लागत असेल तर टेकवून बसवा, १०८ ला फोन करा, घोडबंदर रोडला ट्रॅफिक असेल तर मोठ्या हॉस्पिटलचा हट्ट न धरता सगळ्यात जवळचं गाठा. आणि बीपीसाठी रामिप्रिल, एनालाप्रिल घेणाऱ्या माणसाचे गांधी किंवा खाज नसताना नुसतेच ओठ-जीभ सुजत असतील तर ते मास्ट सेलचं काम नाही, ब्रॅडिकायनिन नावाच्या दुसऱ्याच रसायनाचं आहे, त्याला अँटिहिस्टामीन लागू पडत नाही, सूज जिभेपर्यंत किंवा घशापर्यंत गेली तर सरळ इमर्जन्सीला जायचं, आणि नुसती ओठाची असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून ती गोळी बदलून घ्यायची.

डॉक्टरकडे जाताना मोबाइलवर गांधींचे फोटो काढून न्या, आणि सात दिवस रोज दोन आकडे लिहून ठेवा, गांधी किती (काहीच नाही ०, वीसच्या आत १, वीस ते पन्नास २, त्याहून जास्त ३) आणि खाज किती (० ते ३). आठवड्याची बेरीज जास्तीत जास्त ४२ येते आणि औषध वाढवायचं की नाही हे डॉक्टर त्यावरून पटकन ठरवू शकतात. बऱ्याच जणांचा हा आजार एक ते पाच वर्षांत आपोआप शांत होतो, तोपर्यंत बेरीज शून्याजवळ ठेवायची असते. शून्य आली म्हणून गोळ्या त्याच दिवशी बंद करायच्या नाहीत, काही काळ तशाच चालू ठेवून मग डॉक्टर एकेक करून कमी करतात, आणि कमी केल्यावर गांधी परत आल्या तर आजार अजून आत चालू आहे एवढाच त्याचा अर्थ, आधीचा डोस परत सुरू करायचा आणि काही महिन्यांनी पुन्हा कमी करून बघायचं. वहिनीचं असं दोनदा झालं, तिसऱ्या वेळी गोळी पूर्ण सुटली, आणि आता ती मासे, वांगं, अंडं सगळं खाते.